खाज, ताक आणि ग्लासभर पाणी : यीस्टचे अनुभव लिहा

पारिजात_०९

परवा लेकीचा फोन. हॉस्टेलवर असते, दुसऱ्या वर्षाला. म्हणे, "आई, मी आज उठल्या उठल्या पाण्याच्या ग्लासात थुंकले." म्हटलं, बरं मग? तर कुठल्याशा रीलमध्ये एका बाईने सांगितलंय, थुंकीचे दोरे पाण्यात खाली लोंबले की समजायचं पोटात कँडिडा (यीस्टचीच एक जात, म्हणजे बुरशी) वाढलाय. हिचे लोंबले. उपाय म्हणजे त्याच बाईच्या दुकानातलं अठराशे रुपयांचं चूर्ण.

मी नवऱ्याला थुंकायला लावलं, त्याचेही लोंबले. माझेही. घरात आता मांजर तेवढं तपासायचं राहिलंय.

हसलो खूप. पण फोन ठेवल्यावर १९९८ चा ऑगस्ट आठवला. पुण्यात पेइंग गेस्ट होते. खोलीत दोरीवर टाकलेली जीन्स तीन-तीन दिवस वाळायची नाही, तशीच दमट चढवून कॉलेजला पळायचं. टायफॉइड होऊन गेलेला, अँटिबायोटिकचा कोर्स नुकताच संपलेला. आणि मग ती खाज. पीएमटीत जागा मिळाली तरी उभी राहायचे, बसवायचंच नाही. पांढरं जायचं ते दही फुटल्यासारखं, वास मात्र काही नाही. कोणाला सांगणार? मालकीणबाईंनी भलताच अर्थ काढला असता. मी जखमेवर लावायचं जंतुनाशक पाण्यात ओतून दिवसातून तीनदा धुवायचे. जितकी आग जास्त तितका गुण जास्त, असं वाटायचं तेव्हा. सव्वा महिना काढला तसा.

गौरी-गणपतीला घरी गेले तर आजीने माझ्या चालीवरून ओळखलं. काही विचारलं नाही. जुन्या नऊवारीचे तुकडे फाडले, उन्हात कडक वाळवले, हातात दिले. "साबण-बिबण सगळं बंद. ती तंग विजार पण." त्रिफळ्याचा काढा कोमट करून वरवर धुवायला द्यायची. आईने तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, त्यांनी आत ठेवायच्या सहा गोळ्या दिल्या, रोज रात्री एक. आठवड्यात बरी झाले. आजी शेवटपर्यंत म्हणत होती काढ्याने, आई म्हणते गोळ्यांनी.

लेक मात्र हे सगळं फोनवर बापासमोर बोलते. बरं वाटलं.

तुमचे लिहा. घरगुती, वैद्यांचे, फसलेले, सगळे चालतील.

गवतीचहा

मांजर!! हहपुवा

जागा अडवून ठेवते, कुकर झाला की लिहिते.

कोकम_सरबत

आमच्याकडे बाळाच्या तोंडात, पांढरा थर. दूध असेल तर पुसलं की निघतं, हे निघेना आणि जोर केला की खालून लाल. सासूबाईंनी टाकणखाराची लाही करून मधात कालवली, बोटाला लावून फिरवणार तेवढ्यात नणंद आली आणि तिने हात धरला (नर्स आहे). मग डॉक्टरांकडे. त्यांनी दोन्ही गोष्टींवर झापलं. वर्षाच्या आत मध अजिबात नाही आणि टाकणखार पोटात जायला नको, विषारी असतो. तोंडात लावायचं औषध दिलं आणि मलाही मलम, कारण बाळाचं आईला आणि आईचं बाळाला असं परत परत होत राहतं म्हणे. मला तोवर वाटत होतं पाजताना दुखतं ते सगळ्यांनाच दुखत असणार!

सासूबाई चार दिवस रुसल्या. "माझी तीन पोरं टाकणखारावरच वाढली." त्यातलं एक माझा नवरा, त्यामुळे पुढे काही बोलले नाही.

मी_खवय्या

टाकणखार म्हणजे पापडखारच ना?

कोकम_सरबत

नाही हो. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. पापडात घालू नका कृपा करून.

मी_खवय्या

आणि कॅरमवर टाकायचो ती पावडर?

पेट्रीडिश

ती बोरिक. भावंडं म्हणा. प्रयोगशाळेत काम करते म्हणून मध्येच तोंड घालते. बोरिक अ‍ॅसिडच्या ६०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल चिवट यीस्टवर डॉक्टर खरंच देतात, फ्लुकोनाझोल या नेहमीच्या औषधाला दाद न देणारी कँडिडा ग्लॅब्राटा वगैरे जात असेल तेव्हा. पण फक्त योनीत ठेवायला. तोंडाने घेतली तर विष, गरोदरपणात बंद. कॅरमची पावडर कॅरमवरच राहू द्या.

पारिजात, थुंकीच्या दोऱ्यांना काही अर्थ नाही. सकाळी तोंड कोरडं, लाळ चिकट, ती खाली उतरणारच. आणि कँडिडा 'सापडणे' ही बातमीच नाही. आपल्या तोंडात, आतड्यात तो पाहुण्यासारखा असतोच बहुतेकांच्या. लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू योनीतली आम्लता टिकवतात, पीएच ३.८ ते ४.५ च्या आसपास, तोवर यजमानीण घर सांभाळून असते. तुझ्या अँटिबायोटिकने यजमानीणच मारली. मग पाहुणा हातपाय पसरतो.

थकवा, डोकेदुखी, विसराळूपणा, सगळ्याला यीस्ट जबाबदार, ही कल्पना अमेरिकेत १९८३ मध्ये विल्यम क्रुक नावाच्या डॉक्टरच्या पुस्तकाने पसरवली. १९९० मध्ये अशी तक्रार असलेल्या बायकांवर नीट चाचणी झाली. यीस्टच्या औषधाने खाज-बिज कमी झाली, पण थकव्यावर ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. रीलवाल्या बाईंपर्यंत ही बातमी अजून पोचायचीय.

मुक्काम_पोस्ट_दापोली

तुमचं ते यीस्ट, आमच्या चिखल्या. लावणीला पंधरा दिवस पाय चिखलात, बोटांच्या बेचक्या पांढऱ्याफटक होऊन सोलतात आणि रात्री अशी खाज की गोणपाटावर पाय घासायचा. आई मेंदीचा पाला वाटून थापायची आणि पाय चुलीपुढे. मेंदीपेक्षा चुलीचाच गुण असावा, पाय कोरडे व्हायचे ना! हल्ली गमबूट घालतात पोरं, बुटात पाणी शिरतं आणि दिवसभर आतच. पूर्वीपेक्षा वाईट.

भेगांना मात्र भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल). त्याला तोड नाही. पण तो वेगळा विषय, भेगांचा धागा काढा कोणीतरी.

यंदा पाऊस बघा ना, रोपं कुजली आमची.

गवतीचहा

अरेरे, दुबार पेरणी का? आमच्याकडेही भावाची तीच गत.

मुक्काम_पोस्ट_दापोली

रोपं मागितली शेजाऱ्याकडे. देतोय तो. बघू.

नवा_आयडी_घेतलाय

नेहमीच्या नावाने लिहायचा धीर नाही. पुरुष, वय ५८, नाशिक.

साखरेची नवी गोळी सुरू केली. पंधरा दिवसांत पुढे लाल, खाज, कातडी मागे घेताना चिरा. बायकोला सांगितलं नाही. नेटवर वाचून हळद-खोबरेल लावलं. खाज राहिली, अंतर्वस्त्रं पिवळी झाली आणि बायकोला कळायचं ते कळलंच. मग औषधाच्या दुकानातून ट्यूब आणली, काउंटरवरच्या पोराने विचारलंसुद्धा नाही कुठे लावणार. दोन दिवस स्वर्ग. दहाव्या दिवशी जांघेपर्यंत पसरलं.

त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब बघून डोक्याला हात लावला. तिच्यात स्टिरॉइड होतं. लाली दबते, आणि खाली बुरशीला मोकळं रान. ही मलमं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत म्हणे. मग माझी गोळी विचारली. डापाग्लिफ्लोझिन. म्हणाले, ही साखर लघवीतून बाहेर काढते, म्हणजे तुम्ही दिवसातून आठ वेळा तिथे पाक सांडताय. साधं मलम दिलं आणि सांगितलं, लघवीनंतर नुसत्या पाण्याने धुवा आणि नीट टिपून कोरडं करा. एवढंच. परत झालं नाही.

गोळी चालू आहे, हृदयाला चांगली आहे म्हणून साखरेच्या डॉक्टरांनी बंद केली नाही. मनाने बंद करू नका कोणी.

अ‍ॅडमिनची_सासू

काका, धीराने लिहिलंत. माझ्या दिरांना हेच चाललंय असा दाट संशय आहे, तीच गोळी आहे आणि हल्ली हिंडताना बघवत नाहीत. हे त्यांना कसं दाखवू? वहिनीने दाखवलं तर बरं दिसत नाही.

नवा_आयडी_घेतलाय

नवऱ्याच्या फोनवरून पाठवा. "फॉरवर्डेड" दिसेल.

हळदीकुंकू

मी दह्यात बुडवलेला कापूस. हो, तेच. मैत्रिणीने सांगितलं थंड वाटतं, वाटलंही. रात्री अंधारात फ्रीजमधला डबा घेतला होता. सकाळी लेक ओरडतोय, माझं साखर घातलेलं दही कोणी संपवलं!!

सांगायचा मुद्दा, दिवा लावा.

पेट्रीडिश

हळदीकुंकू, देवा! बाकी विरजणातले जंतू वेगळ्या प्रकारचे असतात, योनीत राहणारे वेगळे. दही तिथे टिकून कामाला लागेल याचा भरवसा नाही. खा बिनधास्त.

आणि लसूण कोणी सुचवेल त्याआधीच सांगते, नको. भाजतं.

गवतीचहा

मी लसूणच लिहिणार होते. असो.

एडिसनची_मावशी

न्यू जर्सीहून. इथे कँडिडा डाएटचं खूळ फार. मीही खाजेसाठी केलं तीन आठवडे, साखर, मैदा, फळं, आंबवलेलं सगळं बंद. म्हणजे इडली गेली, डोसा गेला, ढोकळा गेला, ताकसुद्धा संशयित. आणि मध्येच गणपती बसले. स्वतः एकवीस उकडीचे वळले, कळ्या पाडल्या, ताटात मांडले आणि उकडलेली ब्रोकोली खात आरतीला उभी राहिले. नवरा म्हणाला, बाप्पा तुझ्याकडे दयेने बघतोय.

पाच पौंड उतरले, खाज तिथेच. शेवटी गायनॅककडे गेले. तिने सॅम्पल घेतलं, यीस्ट नव्हतंच. सुगंधी पँटी लायनरची अ‍ॅलर्जी. लायनर बंद, खाज बंद. याआधी दोनदा अशीच खाज आली तेव्हा दुकानातून यीस्टचं क्रीम आणून लावलं होतं, मनानेच.

बादवे, पावाचं यीस्ट वेगळं आणि हे वेगळं. मला हे तीन आठवडे ब्रोकोली खाऊन कळलं.

मी_खवय्या

उकडीचे न खाता वळणे हा छळ आहे. निषेध.

अमृतवेल

वैद्य आहे, थोडं लिहितो, पेशंट बसलेत.

आमच्या ग्रंथांत यीस्ट शब्द नाही, कफ, क्लेद, कंडू (खाज) असं वर्णन येतं. पण क्लेद म्हणजे ओल हे धरलं तरी अर्धं काम होतं. ओल कुठून येतेय ते आधी शोधतो. त्रिफळ्याचा काढा मीही देतो, पण बाहेरून धुवायला. पिचकारीने आत मारू नका, नेटवर ते फार चाललंय, आतले चांगले जंतू वाहून जातात. आणि वर्षातून तीन-चारदा होतंय असं कोणी सांगितलं की माझी पहिली चिठ्ठी रक्तातल्या साखरेची असते. मागच्या पावसाळ्यात एक ताई दीड वर्ष कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ करत होत्या. जेवणानंतरची साखर ३१०. त्यांच्या घरात कोणालाच मधुमेह नाही असं त्या छातीठोकपणे सांगत होत्या, कारण कोणी तपासलाच नव्हता.

गरोदर असाल, ताप असेल, ओटीपोटात दुखत असेल किंवा वास येत असेल तर काढा-बिढा करत बसू नका, दाखवा.

कोकम_सरबत

वैद्यबुवा, कोंडा पण यीस्टच का? आणि पाठीवरचं शिबं?

पेट्रीडिश

दोन्हीकडे मॅलासेझिया, तेही यीस्टच. त्याला तेल आवडतं. कोंड्यावर डोकं चोपडून तेल थापणारे आपण त्याला जेवायला वाढतो.

एडिसनची_मावशी

माझं अख्खं बालपण!!

अण्णांची_नात

घाईत. आमचे अण्णा ८१, जेवेनात, जीभ चरचरते म्हणायचे. आम्हाला वाटलं तिखट झालं, मग वाटलं नाटक करतात. दातांच्या डॉक्टरांनी कवळी काढायला लावली, टाळू लालभडक, अगदी कवळीच्या आकाराचा. रात्री काढायचेच नाहीत, पाणी प्यायला उठलो आणि कोणी बघितलं तर, म्हणून. घरात आम्ही दोघंच हो! शिवाय दम्याचा पंप ओढून चूळ भरायचे नाहीत. औषधाचे थेंब दिले, कवळी रात्री पाण्यात, पंपानंतर गुळण्या. आता थालीपीठ मागतात.

अ‍ॅडमिनची_सासू

नवऱ्याच्या फोनवरून पाठवलं. दिरांचा अंगठा आला उलट, नुसता 👍. आणि तासाभराने जाऊबाईंचा मला फोन, "हे डॉक्टरकडे चाललेत, काय झालंय ते सांगेनात."

पारिजात_०९

वाचतेय सगळं, ऑफिसात तोंडावर रुमाल धरून. काकांचे खास आभार.

लेकीला धागा पाठवला. चूर्ण परत करता येत नाही म्हणे, उघडलंय. वास घेऊन बघ म्हटलं तर म्हणते ओवा आणि सैंधव. म्हटलं ताकात घालून संपव. आणि जीन्स कुठे वाळत घालतेस? तर, "खोलीतच गं, पाऊस आहे ना." पुढच्या आठवड्यात जातेच आहे, दोन सुती परकर आणि एक छोटी इस्त्री घेऊन.

हळदीकुंकू

परकर नेसेल ती?

पारिजात_०९

रात्री खोलीत तरी. आशा आहे.

एडिसनची_मावशी

ताकावरून आठवलं, इथे विरजण लागतच नाही हो थंडीत. काय करता? ओव्हनचा दिवा लावून ठेवला तरी पातळ.

मुक्काम_पोस्ट_दापोली

मिरचीचं देठ टाकून बघा.

एडिसनची_मावशी

देठासकट मिरची मिळते इंडियन स्टोअरमध्ये. एक की दोन?