मदत हवी आहे: बीगलबोन ब्लॅकवर पिनचा संघर्ष मिटला, पण तेव्हापासून मेमरीतील माहिती बिघडते

नमस्कार,

उपसा सिंचन योजनेच्या पंपांच्या बेअरिंगमधील कंपने नोंदवणारे एक उपकरण आम्ही बीगलबोन ब्लॅक या एकाच बोर्डाच्या छोट्या संगणकावर तयार केले आहे. या बोर्डावरील एएम३३५८ चिपमध्ये कॉर्टेक्स-ए८ प्रोसेसरखेरीज २०० मेगाहर्ट्झवर चालणारे दोन पीआरयू, म्हणजे मुख्य प्रोसेसरपासून स्वतंत्रपणे चालणारे छोटे प्रोसेसर, आहेत. त्यांपैकी पीआरयू-१ हा एमसीपी३२०८ या १२ बिटांच्या एडीसीकडून (सेन्सरच्या संकेताचे आकड्यांत रूपांतर करणारी चिप) आठही चॅनेलचे प्रत्येकी सेकंदाला ४००० नमुने घेतो आणि ५१२ एमबी रॅमच्या अगदी वरच्या ३२ एमबीमध्ये, म्हणजे ९ई०००००० या पत्त्यापासून पुढे (सर्व पत्ते हेक्साडेसिमलमध्ये), चक्राकार बफरमध्ये लिहीत जातो. हा पत्ता फर्मवेअरमध्ये थेट लिहिलेला आहे. बफर सुमारे पावणेनऊ मिनिटांत भरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. आमची सेवा तेथून नमुने वाचून मूळ नोंद कार्डावर ठेवते आणि सारांश एसक्यूलाइटमध्ये लिहिते.

जुन्या ४.१९ कर्नलवर हे सर्व अनेक महिने विनातक्रार चालले. गेल्या महिन्यात ५.१० कर्नलची नवी इमेज घातली, तेव्हा पीआरयूला पिनच मिळेनात. पिन ४० आधीच एलसीडी कंट्रोलरने घेतली असल्याने पीआरयूला देता येत नाही, असा संदेश बूट लॉगमध्ये येत होता. ही पिन म्हणजे पी८ हेडरवरील ४५ क्रमांकाची पिन, आणि एचडीएमआयची एक डेटा वाहिनीही तिच्यावरूनच जाते. आम्हाला पडद्याची गरज नसल्यामुळे बूट संरचनेतून व्हिडिओचा ओव्हरले (बूट होताना हार्डवेअरच्या वर्णनात जोडला जाणारा तुकडा) बंद केला, संदेश गेला आणि नमुने येऊ लागले.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. उपकरण पाच-सहा तास चालले की कधी एसक्यूलाइट डेटाबेस बिघडल्याचे सांगते, कधी एखादी प्रक्रिया सेगमेंटेशन फॉल्टने बंद पडते, तर कधी कार्डावरील एखाद्या फाइलचा चेकसम जुळत नाही आणि बोर्ड पुन्हा सुरू केल्यावर तोच चेकसम व्यवस्थित जुळतो. दर वेळी बळी वेगळा असतो. दोष रॅमचा असेल असे वाटून, जास्तीत जास्त मेमरी मोकळी मिळावी म्हणून आमची सर्व सेवा आणि पीआरयू थांबवून, रात्रभर मेमटेस्टर हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवला. एकही चूक सापडली नाही. स्लबची, म्हणजे कर्नल स्वतःच्या लहान नोंदींसाठी वापरते त्या मेमरीची, तपासणी सुरू करून पाहिली, तीही गप्प आहे. दुसऱ्या बोर्डावरही हेच घडते, त्यामुळे एकाच बोर्डातील दोष म्हणता येत नाही.

एक गोष्ट मुद्दाम नमूद करतो. कार्डावरील मूळ नोंद हेक्सडंपमध्ये पाहिली, तर बहुतेक ठिकाणी दर दुसरा बाइट ०७ किंवा ०८ दिसतो, आणि शांत पंपाचे नमुने २०४८च्या (हेक्समध्ये ०८००) आसपास असल्याने ते अपेक्षितच आहे. परंतु मध्येच बरोबर ६४ बाइटांची एखादी पट्टी अशी येते की तिच्यात आमच्याच वेब सर्व्हरच्या लॉगमधील मजकूर वाचता येतो.

कॅसान हे कर्नलमधील मेमरीच्या चुका शोधणारे साधन वापरता यावे म्हणून नवे कर्नल बांधण्याच्या विचारात आहे. तो मार्ग योग्य आहे का? या नोंदींवरून पंप चालू ठेवायचा की थांबवायचा हे ठरणार आहे, म्हणून अंदाजाने काही बदलून पुढे जाण्याची माझी तयारी नाही.

प्रतिसाद:

कॅसानवर वेळ घालवू नका. कॅसान फक्त प्रोसेसरने केलेले, कंपायलरने आधी खूण करून ठेवलेले मेमरीचे व्यवहार पाहते. पीआरयू स्वतः बसवरून थेट रॅममध्ये लिहितो, त्याच्या वाटेत चुकीचा पत्ता अडवणारे एमएमयूही नाही आणि आयओएमएमयूही नाही. तुमचा मेमटेस्टर निर्दोष आला, कारण त्या रात्री लिहिणाराच थांबलेला होता.

तुमच्या जुन्या बूट ओळीत, कर्नलने पहिले ४८० एमबीच वापरावेत असे सांगणारे, 'मेम=४८०एम' असे काही होते का, ते आधी पाहा. रॅम सुरू होते त्या ८००००००० या पत्त्यापासून ४८० एमबी मोजले की बरोबर ९ई०००००० येते. ती ओळ नव्या इमेजमध्ये आली नसेल, तर तो भाग आता कर्नलचा झाला आहे. प्रॉकमधील आयओमेम फाइलमध्ये (कोणते पत्ते कशासाठी आहेत त्याची यादी) सिस्टिम रॅमची सीमा कुठे संपते आणि बूट लॉगमध्ये सीएमएचा, म्हणजे उपकरणांना सलग मेमरी देण्यासाठी राखलेला, भाग कुठे आहे, हे दोन्ही येथे लिहा. सीएमए सहसा वरच्या टोकाला बसते आणि रिकामी असेपर्यंत कर्नल ती फाइल कॅश व प्रक्रियांच्या पानांना उसनी देते. मोकळी मेमरी आटत गेली की ही पाने तेथे जाऊ लागतात. तुमचे पाच-सहा तास बहुधा त्यातच जातात. स्लबची पाने तेथे जात नाहीत, म्हणून ती तपासणी गप्प राहिली.

६४ बाइट ही कॉर्टेक्स-ए८च्या कॅश ओळीची लांबी आहे. त्या पानावर कर्नलने काही लिहिले की ते काही काळ कॅशमध्ये राहते आणि ती ओळ बाहेर पडताना पीआरयूने दरम्यान लिहिलेल्या नमुन्यांवर बसते. म्हणजे बिघाड दोन्ही दिशांनी होत आहे.

उपाय म्हणून 'मेम' परत आणण्यापेक्षा डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला हार्डवेअरचे वर्णन देणारी फाइल) रिझर्व्ह्ड-मेमरीखाली या ३२ एमबीचा नोड करा आणि त्याला नो-मॅप लावा, म्हणजे कर्नल त्या भागाला हात लावणार नाही. बूट ओळ इमेज बदलताना हरवते. नोड तुमच्या स्वतःच्या ट्रीच्या स्रोतात राहील.

धागाकर्त्याचा प्रतिसाद:

मनःपूर्वक आभार. जुन्या कार्डाची प्रत कपाटात होती; तिच्या बूट ओळीत 'मेम=४८०एम' आहे. नव्या इमेजमध्ये सिस्टिम रॅम थेट ९एफएफएफएफएफएफएफपर्यंत जाते आणि सीएमए ९सी८०००००पासून ४८ एमबी आहे, म्हणजे आमच्या बफरचा मोठा भाग तिच्यातच होता. व्हिडिओचा ओव्हरले बंद करण्याच्या भरात मी त्या फाइलमधील बाकीच्या ओळी जुन्या फाइलशी ताडून पाहिल्या नव्हत्या, ही चूक माझी.

आपण सांगितल्याप्रमाणे नो-मॅप नोड केला. सिस्टिम रॅम आता ९डीएफएफएफएफएफएफवर संपते आणि सीएमए आपोआप खाली सरकली आहे. मेमरी मुद्दाम भरून ठेवून, पीआरयू चालू असतानाच, चाळीस तास मेमटेस्टर चालवला; चूक नाही, आणि त्या काळातील संपूर्ण मूळ नोंदीत ६४ बाइटांची परकी पट्टी एकही नाही. सेवा सुरू होतानाच आयओमेम वाचून, बफरचा पत्ता सिस्टिम रॅममध्ये आढळला तर पीआरयू सुरूच न करण्याची तपासणीही घातली आहे.

नवी इमेज घातल्यापासूनच्या सर्व नोंदी मात्र आम्ही बाद केल्या आहेत. परक्या पट्टीत मजकूर असेल तर ती डोळ्यांना दिसते, पण तिच्यात नुसते आकडे असतील तर ती खऱ्या कंपनापासून वेगळी काढता येत नाही.