मदत हवी आहे: अभिनयाच्या वर्गात स्वतःचं दुःख वापरायलाच हवं का?

नमस्कार मंडळी,

चित्रपट आणि रंगभूमी दोन्ही शिकवणाऱ्या एका संस्थेत मी अभिनयाच्या पहिल्या वर्षाला आहे. इथे नाटकात, सिनेमात काम करणारे आणि शिकवणारे बरेच जण लिहितात, म्हणून हा धागा काढते आहे. थोडं सविस्तर लिहिते, नाहीतर अडचण नीट कळणार नाही.

आधी हे सांगते की मला इथे मनापासून आवडतं आहे. सकाळी शरीराचा आणि आवाजाचा वर्ग, मग इम्प्रोव्हायझेशन (न लिहिलेला प्रसंग तिथल्या तिथे सुचेल तसा करायचा), दुपारी प्रवेश बसवायचे, संध्याकाळी सीनियर्सच्या तालमी नाहीतर डिरेक्शनच्या मुलांचं शूट. पहिल्या सत्रात आम्हाला संवाद दिलेच नव्हते. चालायचं, थांबायचं, समोरच्याकडे खरोखर बघायचं, तो काय म्हणतोय ते ऐकायचं. एका खोलीत येऊन खुर्चीवर बसायचं, एवढ्यावर आठवडा गेला आणि तो आठवडा मला अजून पुरतो आहे. त्यामुळे "सोडून दे" असा सल्ला नको, तो मला लागू नाही.

दुसऱ्या सत्रात इमोशनल मेमरीचा सराव सुरू झाला. आपल्या आयुष्यातला एखादा तीव्र प्रसंग निवडायचा, त्यातला उजेड, वास, आवाज, अंगावरच्या कपड्याचा स्पर्श असं एकेक जागं करत जायचं आणि जे आत उसळेल ते घेऊन प्रवेशात शिरायचं. दोन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ अपघातात गेला. वर्गात एक-दोघींनाच माहीत होतं, आता सगळ्यांना माहीत आहे. मी सरावासाठी दुसरी आठवण घेतली, शाळा बदलली तेव्हाची. सर म्हणाले, हे वरवरचं आहे. तुझ्याकडे एवढं मोठं काही आहे आणि तू त्याला कुलूप लावून बसली आहेस. सर दुष्ट नाहीत. प्रत्येकावर मेहनत घेतात, माझा आवाज त्यांनीच मोकळा केला. म्हणूनच त्यांचं बोलणं झटकून टाकता येत नाही. शिवाय वर्गात असं झालं आहे की जो रडतो त्याचं काम "खरं" ठरतं. न रडता केलेल्या कामाबद्दल कुणी फारसं बोलतच नाही.

त्यातच एका सीनियरने त्याच्या डिप्लोमा फिल्ममध्ये मला भूमिका देऊ केली आहे. बहिणीची. भाऊ गेल्यानंतर त्याची खोली आवरणारी बहीण. त्याने लपवलं नाही, सरळ सांगितलं की तुझंच नाव डोळ्यांसमोर आलं, कारण तुला हे माहीत आहे. पटकथा चांगली आहे. खरंच चांगली आहे, हीच पंचाईत आहे.

मला विचारायचं आहे ते असं. भावाची आठवण मला वर्गात न्यायची नाही, निदान आत्ता तरी नाही. यामुळे मी नटी म्हणून बंद राहीन का? तुमच्यापैकी कुणी अशा सरावाला "नाही" म्हटलं आहे का, आणि शिक्षकांशी ते कसं बोललात? आणि फिल्मचं काय करू? घरी विचारलं तर आई लगेच परत ये म्हणेल, म्हणून इथे विचारते आहे.

– पायरीवरची

प्रतिसाद – तिसरी घंटा

मी दुसऱ्या वर्षाला आहे, दुसऱ्या संस्थेत. आमच्याकडेही अगदी हेच. एका मुलाने सलग तीन वर्ग आजोबांची आठवण वापरली. पहिल्यांदा सगळे हलले. तिसऱ्या वेळी त्याला काहीच होईना आणि तो एवढा घाबरला की संवादच विसरला. आमच्या बाईंनी तिथे सराव थांबवला आणि महिनाभर फक्त समोरच्याचं वाक्य ऐकून तेच परत म्हणायचा, माइझनर या अमेरिकन अभिनय-शिक्षकांचा सराव घेतला. त्याचं त्या वर्षातलं सगळ्यात चांगलं काम त्या महिन्यातलं आहे. तू एकटी नाहीस, एवढं सांगायला लिहिलं.

प्रतिसाद – तालीमवाला

ताई, मी बरीच वर्षं नट म्हणून काम केलं आणि आता शिकवतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, बंद राहणार नाही. का ते सांगतो, म्हणजे सरांशी बोलताना हाताशी राहील.

हा सराव ज्यांच्या नावावर खपतो त्या रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लावस्कींनी ती कल्पना रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाच्या लिखाणावरून घेतली होती. पण ते तिथे थांबले नाहीत. १९३०च्या दशकात, आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात, त्यांचा भर शारीरिक कृतींवर गेला: पात्राला काय हवं आहे, त्यासाठी ते या क्षणी काय करतं, वाटेत काय आडवं येतं. भावनेच्या मागे थेट धावायचं नाही, कृती नेमकी केली की ती मागून येते. अमेरिकन नटी स्टेला ॲडलर १९३४ मध्ये पॅरिसला त्यांना भेटल्या, काही आठवडे त्यांच्याबरोबर काम केलं आणि परत जाऊन न्यूयॉर्कच्या आपल्या नाटक मंडळीत ठामपणे सांगितलं की खाजगी आठवणींवरचा हा भर चुकीचा आहे, नाटकातली परिस्थिती आणि कल्पनाशक्ती यांवर काम करा. त्याच मंडळीत नटांना शिकवणाऱ्या ली स्ट्रासबर्ग यांना ते पटलं नाही आणि त्यांनी आपला मार्ग सोडला नाही. पण तेसुद्धा विद्यार्थ्यांना निदान सात वर्षं जुनी आठवण घ्यायला सांगत. तुमची दोन वर्षांची आहे. म्हणजे ज्यांनी हा सराव सगळ्यांत जास्त वापरला त्यांच्या नियमातही ती बसत नाही.

मायकेल चेखव यांची गोष्ट तुमच्या वर्गात सांगितली आहे का? स्तानिस्लावस्कींच्या वर्गात त्यांनी वडिलांच्या अंत्यविधीची आठवण इतकी जिवंत केली की गुरूंनी त्यांना मिठी मारली, आणि नंतर कळलं की वडील तर हयात आहेत, असं सांगतात. स्तानिस्लावस्की त्यावर नाराज झाले. पण कल्पनेतून आलेलं आणि अनुभवातून आलेलं यांत एवढ्या मोठ्या माणसालाही फरक दिसला नव्हता, ही गोष्ट मी दरवर्षी पहिल्या वर्षाला सांगतो.

आणि आपल्या घरचंच बघा. नाट्यशास्त्रात अश्रू, रोमांच, कंप, स्वर बदलणं असे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत आणि ते कशातून येतात, तर समाहित मनातून, म्हणजे एकाग्र झालेल्या मनातून. नटाने स्वतःच्या घरातला शोक आणून ठेवावा, अशी अट तिथे नाही.

सरांशी वर्गात सगळ्यांसमोर बोलू नका, वेळ मागून एकट्याने भेटा. नुसतं "मला नको" म्हणून थांबू नका, पर्याय घेऊन जा. "सर, भावाचा प्रसंग मी वापरणार नाही. याच प्रवेशावर मला कृतींच्या अंगाने काम करायचं आहे. मी तीन कृती ठरवून आणल्या आहेत, त्या बघाल का?" असं म्हणा. ते मेहनती शिक्षक आहेत असं तुम्हीच लिहिलंय. अशा माणसाला विद्यार्थी काम घेऊन आलेला आवडतो. आणि "वरवरचं" म्हणाले ते एकदा तपासून बघाच. शाळा बदलल्याची आठवण वरवरची नसेल, पण तुम्ही ती करताना अर्धं लक्ष दुसरी आठवण दाबून धरण्यात गेलं असेल, तर त्यांना तेच दिसलं असेल. नकार स्पष्ट झाला की दाबून धरायला काही उरत नाही आणि काम मोकळं होतं. हे मी माझ्या विद्यार्थ्यांत पुन्हापुन्हा पाहिलं आहे.

प्रतिसाद – निळा पडदा

मी थोडं वेगळं मांडते. मी माझ्या आईच्या आजारपणाची आठवण वर्गात वापरली होती आणि मला त्याचा फायदा झाला. तोवर माझ्या कामात एक प्रकारची सफाई होती, ती तुटली. तेव्हा या सरावाला सरसकट वाईट ठरवू नये. पण ती आठवण मी निवडली होती, ती शाळकरी वयातली होती, आणि वर्ग संपल्यावर आमचे शिक्षक प्रत्येकाशी बोलल्याशिवाय कुणाला घरी सोडत नसत. या तीनपैकी एक जरी गोष्ट नसती तर मी केलं नसतं. तुझ्या बाबतीत पहिलीच नाही.

पायरीवरची

सगळ्यांचे मनापासून आभार. तालीमवाला सर, दाबून धरण्याबद्दल लिहिलंत ते वाचून बराच वेळ तशीच बसले होते. अगदी तसंच होतं आहे. निळा पडदा, तुमचाही मुद्दा पटला. पुढे कधीतरी मी हे करेनही, पण तेव्हा ते माझं ठरवणं असेल. फिल्मबद्दल कुणी सांगू शकेल का? शूट रात्रीचं आहे, सलग चार रात्री.

प्रतिसाद – कटिंग टेबल

मी संकलन शिकलो आहे आणि विद्यार्थ्यांच्या खूप फिल्म कापल्या आहेत. कॅमेऱ्याच्या बाजूने सांगतो.

मॉस्कोची फिल्म स्कूल १९१९ मध्ये सुरू झाली, जगातली पहिली मानली जाते. तिथे शिकवणाऱ्या कुलेशोव्हचा प्रयोग तुमच्या सिनेमाच्या तासाला येईलच. मोझ्झुखिन या नटाचा एकच चेहरा एकदा सूपच्या ताटाला जोडला, एकदा शवपेटीला. लोकांना एकदा भूक दिसली, एकदा शोक. चेहरा तोच होता. याचा अर्थ नटाने काही करू नये असा नाही. अर्थ एवढाच की शोक उभा करायचं सगळं ओझं तुझ्या एकटीवर नाही. रिकामी खोली, फ्रेम, आवाज, आधीचा आणि नंतरचा शॉट, हे सगळे ते वाटून घेतात. तुझ्या दिग्दर्शकाला "जिला माहीत आहे" अशीच मुलगी हवी असेल, तर त्याचा स्वतःच्या शॉट्सवर अजून विश्वास बसलेला नाही.

दुसरं, सेटवर तेच दुःख कितीदा लागेल याचा अंदाज घे. आधी वाइड (लांबून सगळी खोली), मग मिड (साधारण कंबरेपर्यंत), मग क्लोजअप (नुसता चेहरा), मग समोरच्याचा क्लोजअप आणि त्यात तू कॅमेऱ्यामागून संवाद देणार. प्रत्येकाचे अनेक टेक. कुणाचा फोकस चुकतो, कधी बाहेरून गाडी जाते आणि साउंडवाला कट म्हणतो. वाइडमध्ये जीव ओतून रडलीस तर क्लोजअपपर्यंत काही उरत नाही. एका टेकमध्ये गाल ओले आणि दुसऱ्यात कोरडे असतील तर ते दोन टेक मी जोडू शकत नाही. हुंदक्यात शब्द गेले तर डबिंगला बसावं लागतं, म्हणजे तेच सगळं पुन्हा एका बंद खोलीत. मी शेवटी लावतो तो टेक बहुतेक वेळा रडण्याचा नसतोच. पात्र रडू आवरून हातातलं काम पूर्ण करत असतं, तो असतो.

भूमिका घ्यायची असेल तर आधी त्याच्याशी बसून हे ठरव: सेटवर तुझ्या भावाचा विषय कुणीही काढणार नाही, त्याचं नावही टेकच्या आधी कानात घेतलं जाणार नाही (हे करणारे दिग्दर्शक मी पाहिलेत, म्हणून लिहितो). अवघड सीनला गरजेपुरतीच माणसं खोलीत असतील. त्या सीनचा क्लोजअप आधी होईल. तू थांब म्हटलंस की कॅमेरा थांबेल, कारण विचारलं जाणार नाही. खोलीतल्या वस्तू आधी बघून घे. त्यात तुझ्या भावाच्या वस्तूंसारखं काही असेल तर बदलायला सांग, आर्टवाल्यांना ते सहज जमतं. हे ऐकून तो नाराज झाला तर तुला उत्तर मिळालं, नाही म्हण. चांगल्या पटकथा पुढच्या वर्षीही लिहिल्या जातील. आणि लागोपाठ चार रात्रींच्या शूटनंतर सकाळचा वर्ग नसेल, हे शिक्षकांकडून आधी मान्य करून घे. न झोपलेल्या माणसाला यातलं काहीच झेपत नाही.

प्रतिसाद – तिसरी घंटा

वरच्या प्रतिसादात एक भर. भूमिकेत शिरायचा सराव सगळे घेतात, बाहेर यायचा फार कमी. आमच्याकडे सुझाना ब्लॉक या चिलीच्या संशोधक बाईंच्या पद्धतीचं वर्कशॉप झालं होतं. त्यात भावना श्वास, चेहरा आणि शरीराची ठेवण यांतून उभी करतात, आठवण लागतच नाही, आणि प्रत्येक वेळी बाहेर पडायची ठरलेली क्रिया असते: संथ श्वास, चेहऱ्यावरून हात फिरवायचे, उभं राहायची पद्धत बदलायची. शिकलेल्या माणसाकडूनच शिक, पण काम संपल्यावर काहीतरी ठरलेलं करायचं ही सवय आजपासून लावता येईल. मी पात्राचे कपडे स्वतःच्या हाताने घडी करून परत देते आणि शेजारणीला माझं खरं नाव घेऊन हाक मारायला सांगते.

पायरीवरची

कळवायचं राहून जाऊ नये म्हणून लिहिते. काल सरांना भेटले, तीन कृती लिहून नेल्या होत्या. ते आधी बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले की पहिली कृती टाकून दे, ती भावनेची खूण आहे, कृती नाही. उरलेल्या दोन घेऊन गुरुवारी ये. भावाबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. सीनियरला यादी दिली आहे. वस्तूंचा मुद्दा आणि माणसं कमी ठेवायचं त्याने लगेच मान्य केलं, क्लोजअप आधी घ्यायला कॅमेऱ्याच्या मुलाला विचारतो म्हणाला. मी हो म्हणायला अजून दोन दिवस मागून घेतले आहेत.

एक प्रश्न उरला आहे. वर्गातल्या मुलांना भावाचं कळल्यापासून इम्प्रोव्हमध्ये माझ्यासमोर कुणी मरणाचा, भांडणाचा, हॉस्पिटलचा विषयच काढत नाही. सगळे जपून खेळतात आणि सीन तिथेच पडतो. मला त्यांच्याशी हे बोलायचं आहे, पण सरांमार्फत नको. तुमच्या बॅचमध्ये असं कधी झालं होतं का? कुणी आणि कसं बोललं?