विहिरीच्या पाण्यातले धातू कांद्याच्या मुळ्यांवरून कळतील का?

पैठणकाठ: नाल्यालगतच्या विहिरीचं पाणी तपासायचंय. क्षार भरपूर आहेत. तांबं, कॅडमियम असेल तर कांद्यावर दिसेल का? पद्धत नेमकी कशी?

मुळाक्षर: मुळ्यांना मारक काही आहे का, एवढं नक्की दिसेल. कोणता धातू आणि किती, ते नाही.
लिंबाएवढेही नको, त्याहून लहान कांदे घ्या. चाळीतला जुना, औषध मारलेला माल नको, त्याला मुळ्याच फुटत नाहीत. वरचं सुकं टरफल आणि वाळलेल्या मुळ्या काढा, पण बुडाच्या कड्याला (नव्या मुळ्या फुटतात तिथं) पातं लागू देऊ नका. परीक्षानळीत पाणी काठोकाठ भरा, कांद्याचं बूड फक्त टेकवा. प्रत्येक नमुन्याला 12 कांदे, 72 तास, सावलीत, पाणी रोज बदला. पहिल्या दिवशी मागे पडलेले दोन काढून उरलेल्या 10 च्या मुळ्या पट्टीने मोजा. 100, 50, 25 टक्के अशी पातळ करूनही लावा. तांब्याने मुळी आखूड, ताठ, तपकिरी होते आणि टोक फुगतं.

रसायन_नांदेड: तुलनेला आरओचं पाणी घेऊ नका, बहुतेकांचा प्रयोग इथंच फसतो. कॅल्शियम-मॅग्नेशियम मुळीवर धातूची जागा अडवतात, म्हणून आपल्या काळ्या खडकातल्या क्षारी पाण्यात तेवढंच तांबं कमी डसतं. नाल्यापासून लांबच्या, तितक्याच क्षारांच्या चांगल्या विहिरीचं पाणी घ्या.
तुमच्याच विहिरीच्या पाण्याचा आणखी एक संच लावा, त्यात धातू पकडून ठेवणारं रसायन घाला: लिटरला 10 मिलिग्रॅम डायसोडियम ईडीटीए. ते साधारण 1.7 मिलिग्रॅम तांबं बांधून ठेवतं. मुळ्या सुधारल्या तर दोष धातूचाच. नाही सुधारल्या तरी धातू नाही असं म्हणू नका. सहा-संयुजी क्रोमियम आणि आर्सेनिक ईडीटीएला दाद देत नाहीत. चांगल्या पाण्यातही ईडीटीए घालून बघा, ते स्वतः मुळ्यांना त्रास देतंय का ते कळेल.
धातू मोजायला लॅबला द्यायच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालतात. ती बाटली कांद्याला लावलीत तर सगळंच मरेल. बिनआम्लाची वेगळी भरा.

पैठणकाठ: मुळ्या छान वाढल्या तर पाणी प्यायला हरकत नाही ना?

मुळाक्षर: नको, अजिबात नको! आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम, कॅडमियमची 0.003. एवढ्याशा शिशाने कांद्याची मुळी थांबत नाही. पिण्यासाठी लॅबचाच आकडा हवा.

रसायन_नांदेड: नाल्यात महिनाभर काय वाहतं ते बघायचं तर नदीतले शिंपले जाळीच्या पेटीत ठेवा. ते धातू अंगात साठवतात. काढल्यावर 24 ते 48 तास स्वच्छ पाण्यात सोडा, नाहीतर पोटातला गाळच मोजला जाईल. पाणी फार विषारी झालं की शिंपला मिटून बसतो आणि आकडा उलट कमी येतो. म्हणून किती मेले तेही टिपून ठेवा.