मधुमेही वडिलांच्या कानातील मळ काढून घ्यायचा आहे. कोणते धोके संभवतात?

प्रश्न
माझ्या वडिलांचे वय ७२ आहे. त्यांना जुना मधुमेह असून हृदयविकारामुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. ज्या कानात ते श्रवणयंत्र लावतात त्या उजव्या कानात मळ घट्ट बसला असून तो पुढच्या आठवड्यात काढू, असे डॉक्टरांनी सांगितले. पण पिचकारीने पाणी मारणार की सक्शन करणार (म्हणजे बारीक नळीने मळ ओढून घेणार), हे विचारायचे राहून गेले. लहानपणी त्यांचा हा कान वाहत असे. त्यांना काही अपाय तर होणार नाही ना?

प्रतिसाद १
मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. कान वाहत असे ही गोष्ट तुम्ही शेवटी लिहिलीत, पण डॉक्टरांना ती सर्वांत आधी सांगा. पडद्याला जुने छिद्र असेल, तर पिचकारीचे पाणी मध्यकर्णात, म्हणजे पडद्यामागच्या पोकळीत, शिरून संसर्ग होऊ शकतो, आणि मळामुळे पडदा दिसतच नसल्याने ते छिद्र आधी कळत नाही. शिवाय वयस्कर मधुमेही रुग्णांत, पाण्याने कान धुतल्यानंतर झालेला संसर्ग कवटीच्या हाडापर्यंत पोहोचल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. ती विरळ असली तरी गंभीर आहेत. त्यामुळे तुमच्या वडिलांसाठी मायक्रोस्कोपखाली पाहत केलेले सक्शनच मला योग्य वाटते. त्याचा आवाज मोठा असतो, थोडा वेळ चक्कर येऊ शकते किंवा कानात गुणगुण राहते. कर्णनलिकेची त्वचा फार नाजूक असल्याने ओरखडा उठून थोडे रक्तही येऊ शकते आणि गोळीमुळे ते थांबायला वेळ लागतो. तरीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

प्रतिसाद २
तीन वर्षांपूर्वी एका दवाखान्यात माझ्या कानात पिचकारी मारताच खोली गरगर फिरू लागली आणि उलटी झाली. पाणी थंड होते.

प्रतिसाद १ (पुन्हा)
कारण तेच आहे. पाणी शरीराच्या तापमानाइतके, म्हणजे सुमारे ३७ अंश सेल्सिअस, नसेल, तर आतल्या कानातील तोल सांभाळणाऱ्या नलिकांतील द्रव हलू लागतो आणि मेंदूला डोके फिरत असल्याचा भास होतो. काही मिनिटांत हे शमते, परंतु वृद्ध माणूस लगेच उठून उभा राहिला तर पडण्याची भीती असते.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. तोवर मळ मऊ व्हावा म्हणून तेल घालू का?

प्रतिसाद १
पडदा शाबूत असल्याची खात्री असती, तर काही दिवस ऑलिव्ह तेलाचे किंवा सोडियम बायकार्बोनेटचे थेंब चालले असते. त्यांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही घालू नका, आणि कापसाची काडी तर मुळीच नको. मळ काढल्यावर कान ओला राहिला असेल किंवा रक्त आले असेल, तर श्रवणयंत्र पुन्हा केव्हा लावायचे हे तिथेच विचारून घ्या. पुढील काही दिवसांत कान वाहू लागला, ऐकू येणे कमी झाले किंवा रात्री झोप मोडेल इतके दुखू लागले, तर घरी वेदनाशामक देत न थांबता त्याच दिवशी त्यांना दाखवायला न्या.