गर्बरच्या झिपऐवजी एकच फाइल का चालत नाही?

भोसरी_लेआउट:
सहा थरांचा सर्किट बोर्ड. कायकॅड ८ या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमधून आयपीसी-२५८१ फॉरमॅटची एकच फाइल काढली, थरांचा क्रम, ड्रिल (भोकं), नेट (काय कशाला जोडलंय) सगळं तिच्यातच. फॅबवाल्यांचा, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्यांचा, लगेच फोन, "साहेब, गर्बर (थरांच्या चित्रांच्या फाइली) आणि ड्रिलची झिप करा, स्टॅकअप (थरांची रचना) पीडीएफमध्ये लिहून द्या." २५८१ साठी कंपन्यांचं कन्सॉर्शियम २०११ पासून आहे. मग अजून हेच का?

कॅम_डेस्क:
आमच्या फॅबचं सॉफ्टवेअर २५८१ उघडतं हो. पण तुमच्या टूलने लिहिलेलं आणि आमच्याने वाचलेलं एकच आहे, ही हमी कोण देणार? गर्बर म्हणजे नुसतं चित्र. बोलतंच कमी, म्हणून भांडणंही कमी. गर्बरच्या २०१४ च्या एक्स२ आवृत्तीमुळे कुठला थर कशाचा हे तरी फाइलीत येतं. तेही बरेच जण बंद करून पाठवतात, का ते देव जाणे.

जुना_सीएडीवाला:
तुमचं मागणं नवं नाही. १९८० च्या दशकात एडिफ या फाइल फॉरमॅटने हेच करायला घेतलं होतं. लिस्प या प्रोग्रामिंग भाषेसारखे कंसच कंस! नेटलिस्टपुरतं, म्हणजे जोडण्यांच्या यादीपुरतं, छान चाललं. स्कीमॅटिक, म्हणजे सर्किटची आकृती, मात्र दुसऱ्या टूलमध्ये नेलं की बिघडायचं, कारण एकच गोष्ट चार प्रकारे लिहायची मुभा होती आणि चारही प्रकार नियमात बसत.

चिप आखणाऱ्यांचं ओपनअॅक्सेस, म्हणजे सगळ्या टूल्सचा सामायिक डेटाबेस, टिकलं ते वेगळ्या कारणाने. केडन्स या चिप-सॉफ्टवेअर कंपनीने आपलं डेटाबेस तंत्रज्ञान एसआय२ या उद्योगसंस्थेकडे दिलं. नुसता कागद नव्हे, चालणारा सी++ कोड. सगळ्यांनी तोच कोड जोडला की अर्थाचा घोळ घालायला जागा उरत नाही. पण त्यासाठी कुणीतरी पदरमोड करावी लागते. एरवी काय होतं ते २००७ मध्ये पाहिलंच की. चिपमधली वीजबचत लिहायला यूपीएफ आणि सीपीएफ या दोन फॉरमॅटांच्या दोन चुली मांडल्या. पुढे आयईईई १८०१ हे मानक यूपीएफवर उभं राहिलं, तोवर दोन्हींत फाइली लिहिणाऱ्यांचे हाल.

भोसरी_लेआउट:
म्हणजे माझ्या बोर्डाला यातलं काहीच उपयोगाचं नाही! दोन्ही पाठवू का?

कॅम_डेस्क:
पाठवा. पीओवर (खरेदी ऑर्डरवर) एवढं लिहा की फरक निघाला तर गर्बर खरी धरायची की २५८१. आणि आयपीसी-डी-३५६ फॉरमॅटमधली नेटलिस्ट जोडाच, गर्बरमधून काढलेले नेट आम्ही तिच्याशी ताडून बघतो.