खालच्या रस्त्याला संध्याकाळी चारचाकी बंद करायची म्हणतात. आम्ही दुकानदारांनी काय मागायचं?

अस्तरवाली (सातारा)

प्रश्न साताऱ्यातल्यांना आहे, पण नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या सातारकरांनीही जरूर लिहा.

माझं खालच्या रस्त्याला, पाचशे एक पाटीजवळ अस्तर-फॉलचं दुकान आहे. बटणं, चेन, हुक, लेस, कॅनव्हास, शिवणाऱ्या बाईला लागतं ते सगळं. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी बघते. मागच्या आठवड्यात आमच्या बाजूच्या व्यापाऱ्यांची बैठक झाली. मोती चौकापासून आमच्या टापूपर्यंत संध्याकाळी पाच ते नऊ खासगी चारचाकी बंद ठेवावी, असं निवेदन द्यायचं का, असा विषय निघाला. "गिऱ्हाईक तुटेल" म्हणून इतका आरडाओरडा झाला की पुढचं बोलणंच झालं नाही. पुन्हा बसायचं ठरलंय. त्या वेळी मला उभं राहून बोलायचंय, आणि नुसतं "मला वाटतं" म्हणून कुणी ऐकणार नाही, हे मला कळतं.

माझ्या दारात काय होतं ते सांगते. अस्तराचा रंग ट्यूबलाइटखाली फसतो. दुकानात मोरपंखी दिसलेलं कापड बाहेर हिरवं निघतं. म्हणून जाणती शिवणारीण ब्लाउजपीस आणि अस्तर दोन्ही हातात घेऊन दाराबाहेर येते, उजेडात धरते, कापड उलटं करून बघते, मगच मीटरभर फाडायला सांगते. हल्ली तिला बाहेर पाय ठेवायला जागा नसते, कारण पायरीला लागून कुणाची तरी गाडी सकाळपासून उभी असते. तो माणूस माझं गिऱ्हाईक नाही. बहुतेक वेळा शेजारच्या कुणाचंही नाही. गाडी लावून कामाला गेलेला असतो, अंधार पडल्यावर येऊन घेऊन जातो.

आणि जे खरोखर गाडीतून येतात त्यांचंही बघा. लावायला जागा मिळत नाही, म्हणून नवरा इंजिन चालू ठेवून रस्त्यातच थांबतो. मागून हॉर्न सुरू होतात. बाई हातात घेतलेली लेस तशीच खाली ठेवते, "नंतर येते" म्हणते आणि पळते. मला तर वाटतं, माझा धंदा गाडीनं आणला त्यापेक्षा गाडीनं जास्त घालवला.

पोवई नाक्याला ग्रेड सेपरेटर (भुयारी रस्ता) झाला, तिथली कोंडी खालून सुटली. पण तिथून सुटलेली गाडी शेवटी राजपथाला नाहीतर खालच्या रस्त्यालाच येते, आणि हे दोन्ही रस्ते होते तेवढेच आहेत. एका बाजूला अजिंक्यतारा, दोन्हीकडं जुने वाडे आणि दुकानं. रुंदी कुठून आणणार?

आपल्याएवढ्या गावात असं कुठं केलंय का? दुकानदारांचं पुढं काय झालं? आणि बंदी मागायची तर बरोबर आणखी काय मागायचं, म्हणजे गरिबाला आणि म्हाताऱ्याला त्रास होणार नाही?

नाका_ते_डेक्कन

ताई, मी मूळचा शाहूपुरीचा, पुण्यात नगररचनेचं काम करतो. उदाहरणं लंडन-सिंगापूरची देऊ नका. सिंगापूरनं १९७५ मध्ये शहराच्या मध्यभागी यायचा परवाना विकत घ्यायला लावला, लंडननं २००३ मध्ये दिवसाला पाच पौंड आकारायला सुरुवात केली. दोन्हीकडं गाड्या कमी झाल्या. पण बैठकीत लगेच कुणीतरी म्हणेल, "तिथं मेट्रो आहे", आणि विषय संपेल.

स्पेनमधलं पाँतेवेद्रा सांगा. वस्ती ऐंशी हजारांच्या थोडी वर, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या साताऱ्याहूनही लहान. १९९९ मध्ये मिगेल लोरेस हे डॉक्टर तिथं महापौर झाले आणि त्यांनी जुनं गाव चालणाऱ्यांच्या ताब्यात दिलं. गाड्यांना सरसकट बंदी नाही. माल उतरवणारा टेम्पो, तिथं राहणारे, रुग्णवाहिका यांना आत येता येतं. बंदी घातली ती दोनच गोष्टींना: गावातून आरपार जाणं आणि रस्त्यावर गाडी लावून ठेवणं. गाड्या कडेच्या वाहनतळावर लावायच्या, तिथून चालायचं. कुठून कुठं चालत किती मिनिटं लागतात याचा त्यांनी मेट्रोच्या नकाशासारखा नकाशाच छापला. लोरेस पुढच्या निवडणुकांनंतरही महापौर राहिले. लोकांना आवडलं नसतं तर घरी बसवलं असतं.

दुसरं नेदरलँड्समधलं ग्रोनिंगेन. १९७७ मध्ये त्यांनी गावाच्या मध्यभागाचे चार भाग पाडले. प्रत्येक भागात गाडीनं जाता येतं, पण एका भागातून थेट दुसऱ्यात जाता येत नाही, बाहेरच्या वळण रस्त्याला जाऊन फिरून यावं लागतं. पायी आणि सायकलनं मात्र सरळ. तेव्हा दुकानदारांनी कडाडून विरोध केला होता. आज ते सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जातं आणि ती रचना तिथं मुरली आहे. तुमच्या रस्त्याचं दुखणं हेच आहे का ते आधी तपासा. नाक्यावरून समर्थ मंदिराकडं किंवा बोगद्याकडं निघालेली गाडी तुमच्या दारावरून का जाते?

आता कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११५. सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोयीसाठी ठरावीक रस्त्यावर ठरावीक वाहनांना मनाई करता येते. गणपतीत आणि यात्रेत पोलीस वाहतूक बदलाचे आदेश काढतात, त्यांत बऱ्याचदा याच कलमाचा आधार असतो. आणि बंधन महिनाभराच्या आतलं असेल तर राजपत्रात छापावं लागत नाही, स्थानिक पातळीवर जाहीर केलं तरी चालतं. तेव्हा कायमची बंदी मागूच नका. एक महिना मागा.

मिक्सर_कुकर

मी विरोधात आहे आणि माझं नीट ऐका. भांडी आणि घरगुती उपकरणांचं दुकान आहे. ताईंचं गिऱ्हाईक पिशवीत मावेल एवढं घेऊन जातं, माझं नाही. लग्नसराईत कोरेगाव, रहिमतपूरकडून लोक बस्ता बांधायला येतात. जीप भरून, दहा-बारा माणसं. कापड, दागिने, मग माझ्याकडं रुखवताची आणि संसाराची भांडी. गाडी लांब लावायला सांगितली तर हंडे-कळश्या डोक्यावरून नेणार का? ते सरळ बायपासच्या कडेला पार्किंग असलेल्या मोठ्या दुकानात जातील. एकदा तिकडं वळलेलं गिऱ्हाईक परत पेठेत येत नाही.

आणि दिल्लीचं बघा. २०१६ च्या जानेवारीत सम-विषम केलं, म्हणजे एक दिवस सम नंबरच्या गाड्या, एक दिवस विषम, कौतुक झालं. एप्रिलमध्ये परत केलं तेव्हा रस्ते पुन्हा भरलेलेच होते.

अस्तरवाली

दादा, बस्त्याचं तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते मी बैठकीत माझ्या तोंडानं मांडेन. बस्त्याचं गिऱ्हाईक माझ्याकडंही येतं, नवरीच्या ब्लाउजांचं अस्तर एकदम घेतात. पण ती माणसं सकाळी दहा-अकराला येतात आणि दिवेलागणीला परतीला लागतात. पाचनंतरची बंदी त्यांच्या आड किती येते? तरी जड मालासाठी काहीतरी सोय हवीच. हमाल आणि हातगाडी मोती चौकात ठरावीक जागी उभी राहिली, आणि दुकानदारांनी मिळून तो खर्च उचलला, तर? माझा वाटा मी द्यायला तयार आहे.

नाका_ते_डेक्कन

दिल्लीबद्दल. त्या जानेवारीत शाळांना सुट्टी देऊन शाळांच्या बसगाड्या रस्त्यावर आणल्या होत्या, एप्रिलमध्ये शाळा चालू होत्या. दुचाकींना सूट, एकट्या गाडी चालवणाऱ्या बाईला सूट, सीएनजीला सूट. सूट इतक्या दिल्यावर बंधन उरतं किती? शिवाय ते अख्ख्या शहरावर होतं आणि पंधरा दिवसांत संपणार हे सगळ्यांना माहीत होतं. सवय बदलायची कुणाला गरजच वाटली नाही. आपण बोलतोय ते एका रस्त्याचा एक तुकडा आणि दिवसाचे चार तास.

दुचाकीचं मात्र आत्ताच ठरवा. दिल्लीत चांदणी चौकात सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटार वाहनं बंद केली, तर दुचाकी शिरत राहतात ही तिथली कायमची तक्रार. साताऱ्यात चारचाकी हटली आणि त्या जागेत स्कूटर लागल्या, तर ताईंच्या गिऱ्हाइकाला उजेडात अस्तर धरायला जागा मिळणार नाहीच.

निवृत्त_वाहक

एसटीत उभी हयात गेली, म्हणून दोन शब्द.

तुम्ही सगळे गाडीवाल्याचंच बोलताय. बाजाराला येणारी बाई बघा. २०२३ च्या मार्चपासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून खेड्यातल्या बायका नवऱ्याच्या मोटरसायकलची वाट बघत बसत नाहीत. मेढ्याकडच्या, परळी खोऱ्यातल्या, जावा-जावा मिळून येतात. स्टँडला उतरतात. तिथून राजवाड्यापर्यंत चढ आहे, ऊन असतं, हातात पोर असतं. म्हणून शेअर रिक्षात चौघी-पाचजणी दाटीवाटीनं बसतात आणि ती रिक्षा तुमच्या कोंडीत अडकते. गाडीवाला एक असतो, रिक्षात पाच असतात, अडकतात सगळे सारखेच.

तेव्हा निवेदनात पहिली ओळ ही लिहा, की पाच ते नऊ या वेळात स्टँड ते राजवाडा बस आणि रिक्षा न अडकता चालली पाहिजे. बस दर दहा मिनिटांनी पाहिजे, आणि शेवटची बस दुकानं बंद झाल्यावर सुटली पाहिजे, आधी नाही. कामाला असलेल्या पोरी दुकानाचं शटर ओढल्यावरच घरी निघतात. बसशिवाय बंदी मागितलीत तर मी तुमच्या विरोधात उभा राहीन, वय झालं असलं तरी.

आणि कासचं विसरू नका. २०१२ मध्ये पठार युनेस्कोच्या यादीत गेलं, गर्दी वाढली, फुलं तुडवली जायला लागली. मग दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आली, गाड्या लांब लावून बसनं न्यायला लागले. तेव्हाही लोक म्हणाले पर्यटक येणार नाहीत. येतात की. फुलांसाठी आपण गाडी लांब लावतो, तर बाजाराला आलेल्या लेकुरवाळीसाठी का नाही लावणार?

वाड्यातला

माझं घर मोती चौकाच्या मागच्या गल्लीत. आईला डायलिसिसला न्यावं लागतं, परत यायला संध्याकाळ होते. ती थकलेली असते, चार पावलं टाकवत नाहीत. बॅरिकेडवर उभ्या असलेल्या पोराला मी रोज हे समजावून सांगू का? रस्ता मोकळा झाला तर मलाही हवाच आहे, आमच्या गल्लीत रुग्णवाहिका शिरायला किती वेळ लागतो ते मी बघितलंय. पण आधी याचं उत्तर द्या.

नाका_ते_डेक्कन

शिमल्यात मॉल रोड आणि आजूबाजूचे काही रस्ते वर्षानुवर्षं गाड्यांना बंद किंवा मर्यादित आहेत, तिथं परवाना असेल त्याचीच गाडी जाते. तुमच्या टापूत राहणाऱ्यांना घरटी एक परवाना आणि आजारी, अपंग माणसाला नेणाऱ्या कुठल्याही वाहनाला वाट, हे आदेशातच लिहून घ्यायला हवं. तोंडी आश्वासनावर राहू नका. काचेवर लावायचा परवाना असला की बॅरिकेडवरच्या पोरालाही वाद घालावा लागत नाही.

एक महिन्याबद्दल आणखी एक. स्टॉकहोमनं २००६ च्या जानेवारी ते जुलैमध्ये शहरात शिरणाऱ्या गाड्यांवर कर लावून बघितला. आधी बहुतांश लोक विरोधात होते. गाड्या साधारण पाचव्या हिश्शानं कमी झाल्या. मग कर थांबवला, रस्ते परत भरले, आणि त्यानंतर सप्टेंबरमध्ये मतदान घेतलं. निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी कर हवा म्हणून मत दिलं. दोन्ही स्थिती लोकांनी डोळ्यांनी बघितल्या होत्या. आपल्या बाजारात महिना संपल्यावर दुकानदारांचं मत घ्या, सुरू होण्याआधी नको.

मिक्सर_कुकर

हमालाची सोय लेखी असेल, टेम्पोला सकाळी दहापर्यंत आणि रात्री नऊनंतर माल उतरवू देत असतील, आणि एक महिन्यानं मत घ्यायचं असेल, तर मी विरोध करणार नाही. पाठिंबाही आत्ताच देत नाही. महिना लग्नसराईचा नको आणि दिवाळीच्या तोंडावरचाही नको. त्या वेळी धंदा पडला तर वर्ष जातं.

अस्तरवाली

दादा, तेवढं पुरे आहे. लग्नतिथी नसतील आणि दिवाळी लांब असेल असाच महिना धरू.

काका, बसची ओळ पहिली टाकते, तुमच्याच शब्दांत. बस सुरू झाल्याशिवाय बॅरिकेड लावू नये, असंही खाली लिहिते. वाड्यातल्या दादांच्या आईसाठीचं नाका-डेक्कन यांनी सांगितलं तसं, आदेशातच. दुचाकीबद्दल माझं मत असं की चालू दुचाकी जाऊ द्यावी, लावायची मात्र ठरवलेल्या पट्ट्यातच, कुठल्याही दुकानाच्या पायरीला नाही. यावर बैठकीत भांडण होणार. होऊ दे, पण विषय टाळायचा नाही.

दारावरून जाणारी गाडी इथं थांबणारी की आरपार जाणारी, हे मात्र कुणालाच माहीत नाही. ते आपणच बघितलं पाहिजे. एकजण मोती चौकात, एकजण आमच्या टोकाला, येणाऱ्या गाडीचा नंबर आणि वेळ लिहायची, दुसऱ्या टोकाला किती मिनिटांनी दिसली ते जुळवायचं. शनिवारी संध्याकाळी पाचला सुरू करू. मी आमच्या टोकाला बसते, वह्या-पेन माझ्याकडं आहेत. मोती चौकाला दोन माणसं लागतील. कोण येतंय?

निवृत्त_वाहक

मी येतो. नातवालाही आणतो, त्याची नजर चांगली आहे.

मिक्सर_कुकर

माझ्या दुकानासमोरचा कट्टा वापरा, तिथून दोन्हीकडचं दिसतं. आणि माल उतरवायला थांबलेले टेम्पो वेगळे लिहा, गाड्यांत धरू नका.