मदत हवी आहे: मदेरा बेटावरील दिवसभराची जीप सफर, कंबरदुखी असलेल्या ज्येष्ठांसाठी

पोर्तुगालच्या मदेरा बेटावर आम्ही नोव्हेंबरमध्ये चौघे जाणार असून मुक्काम फुंशाल येथे आहे. चालक-मार्गदर्शकासह उघड्या छताच्या जीपमधून पश्चिम भागाची सफर करण्याचा विचार आहे: काबो जिरावचा सुमारे ५८० मीटर उंचीचा कडा, पाउल दा सेराचे पठार, फनालचे लॉरेल वृक्षांचे प्राचीन जंगल आणि पोर्तो मोनिझची लाव्हाखडकांतील नैसर्गिक कुंडे. फनाल मला कोणत्याही परिस्थितीत चुकवायचे नाही, कारण युनेस्कोने १९९९ मध्ये जागतिक वारसा ठरवलेले हे जंगल धुक्यातच खरे पाहावे असे मला वाटते.

अडचण आईची आहे. त्यांचे वय ७० असून त्यांना मणक्याचा त्रास आहे; डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली आहे, मात्र सततचे धक्के टाळण्यास सांगितले आहे. काही आयोजकांना पत्राने विचारले असता ‘थोडा भाग कच्चा आहे’ एवढेच उत्तर मिळाले. स्वतः गाडी चालवणे किंवा मोठ्या बसने जाणे हे पर्याय आम्हाला नको आहेत; स्वतंत्र जीपसाठी अधिक खर्च करण्याची तयारी आहे.

ज्यांनी ही सफर केली आहे त्यांनी कृपया सांगावे: कच्च्या वाटेवर सलग किती वेळ जातो, मागची आसने समोरासमोरच्या बाकांची असतात की पुढे तोंड करून पट्ट्यासह असतात, आणि चालकाशेजारची जागा आधी राखून ठेवता येते का?